माजघरावरच्या माळ्याची तक्तपोशी: साठवण आणि पुस्तकबांधणीसाठी केलेल्या कामाचा प्रकरण अभ्यास

दापोली तालुक्यातील आमचे घर जांभ्या दगडाच्या भिंतींचे आणि मंगलोरी कौलांचे आहे. पुढे ओटी, मध्ये माजघर, मागे स्वयंपाकघर आणि पडवी अशी त्याची मांडणी असून माजघरावर १६ फूट लांब आणि १० फूट रुंद असा माळा आहे. आजोबांच्या काळात या माळ्यावर नारळ, सुपारी, दोरखंड, इरली, जादा पाट, गणपतीच्या मखराचे सामान आणि लग्नकार्याची तांब्यापितळेची भांडी ठेवली जात. तुळयांवर फणसाच्या हाताने कापलेल्या फळ्या नुसत्याच टाकलेल्या होत्या. त्या कोठेही ठोकलेल्या नव्हत्या, त्यांच्यामध्ये बोट जाईल एवढ्या फटी होत्या, आणि शिडी लावून वर गेलेला माणूस पाय नेमका तुळईवर पडेल अशा बेताने चालत असे.

बाबा शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यानंतर त्यांनी तरुणपणी शिकलेले पुस्तकबांधणीचे काम पुन्हा हाती घेतले. घरात साठलेल्या जुन्या मासिकांचे आणि दिवाळी अंकांचे वर्षवार खंड बांधावेत, गावातील शाळेची आणि नातेवाइकांची फाटलेली पुस्तके नीट करून द्यावीत, अशी त्यांची इच्छा होती. ओटीवर पसारा मांडला तर येणाऱ्या-जाणाऱ्यांना अडचण होत असे आणि वाऱ्याने सुटे फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, उडत. म्हणून माळ्यावर सलग तक्तपोशी, म्हणजे फळ्यांची जमीन, करून निम्म्या भागात साठवण आणि निम्म्या भागात बांधणीचे टेबल असा विचार २०२२ च्या दिवाळीत निघाला. पुढील दीड वर्षात जे काम झाले त्याची ही नोंद आहे. त्यात आमची एक चूकही आहे, आणि तिच्यामुळे दोन महिन्यांचे काम पुन्हा करावे लागले. ज्यांच्या घरी असा माळा आहे त्यांना ती चूक टाळता यावी, यासाठी तिचा तपशील मी मुद्दाम सविस्तर दिला आहे.

तुळयांची टोके

आमचा पहिला समज असा होता की काम फळ्यांचे आहे. किती फळ्या लागतील, कोणत्या लाकडाच्या घ्याव्यात आणि किती दिवस लागतील, एवढेच विचारण्यासाठी आम्ही गावातील वयस्क सुताराला बोलावले. त्यांनी माळ्यावर जाऊन थोडा वेळ पाहिले आणि खाली येऊन बाबांना सांगितले, ‘‘गुरुजी, फळ्या काय, चार दिवसांत मारून देतो. पण त्याआधी तुळयांची टोके बघू.’’ या एका वाक्याने सगळ्या कामाचा क्रम उलटा झाला, आणि तो योग्य वेळी उलटा झाला असे मला आज वाटते.

माळा पूर्ण रिकामा करण्यात दोन दिवस गेले. त्यानंतर सुतारांनी प्रत्येक तुळईवर हातोडीच्या दांड्याने ठोकून आवाज ऐकला आणि भिंतीत शिरणाऱ्या टोकांमध्ये दाभण खुपसून पाहिले. निरोगी ऐनाच्या लाकडात दाभण जेमतेम रुतते. दोन तुळया त्या कसोटीला उतरल्या. तिसरीच्या नैर्ऋत्येकडील टोकात मात्र दाभण मुठीपर्यंत गेले. भिंतीत बसलेला सात-आठ इंचांचा भाग आतून भुसा झाला होता आणि वरून केवळ पापुद्रा उरला होता. कारण शोधणे अवघड नव्हते. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलेल्या निसर्ग चक्रीवादळाने मंडणगड-दापोलीकडील असंख्य घरांची छपरे उघडी केली, त्यात आमचीही शंभरावर कौले गेली. ती पुन्हा मिळून बसेपर्यंत पावसाळ्याचे काही आठवडे त्या कोपऱ्यावर ताडपत्री होती आणि तिच्या कडेने पाणी भिंतीत मुरत राहिले. भिंत वरून सुकली, पण तुळईचे टोक भिंतीच्या पोटात ओलेच राहिले, आणि ओल धरलेल्या लाकडाकडे भिंतीतील दगडांच्या मातीने भरलेल्या सांध्यांमधून वाळवी चढली.

दुसरी गोष्ट आमच्या लक्षातही आली नसती. फळ्यांच्या आणि वाशांच्या पृष्ठभागावर टाचणीच्या डोक्याएवढी भोके होती आणि त्यांच्याखाली पिठासारखी पूड पडलेली होती, म्हणजे भुंग्याने लाकूड पोखरले होते. सुतारांच्या मते पूर्वी या घरात भुंगा नव्हता, कारण चुलीचा धूर स्वयंपाकघरातून माळ्यावर येऊन कौलांतून बाहेर जात असे. लाकूड त्या धुराने कोरडे राही आणि काजळीचा थर किड्यांना मानवत नसे. गॅस आल्यावर धूर बंद झाला आणि माळ्याचे ते संरक्षणही गेले. चूल पुन्हा पेटवावी असे कोणी म्हणणार नाही, विशेषतः तिच्यापुढे आयुष्य काढलेल्या आईसमोर तर नाहीच. परंतु पूर्वी जे काम धूर करीत होता ते आता दुसऱ्या कोणत्या तरी उपायाने करावे लागेल, हे त्यामुळे स्पष्ट झाले. ठेवायच्या सर्व लाकडांवर आम्ही बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या पाण्यातील द्रावणाचे दोन हात दिले. भिंतीत जाणाऱ्या टोकांना काजूच्या टरफलाचे तेल लावले. हे तेल कातडीला लागल्यास भाजल्यासारखे फोड येतात, त्यामुळे हातमोजे घालूनच ते लावले, आणि त्याचे डाग व वास कागदाला लागू नयेत म्हणून फळ्यांना ते मुळीच लावले नाही.

वजनाचा हिशेब

मासिकांचे खंड वर ठेवायचे होते, आणि कागदाच्या वजनाबद्दल घरात कोणालाच अंदाज नव्हता. आमच्या नात्यातील एका स्थापत्य अभियंत्याने हा हिशेब समजावून सांगितला.

घरांवर येणाऱ्या भारांसंबंधीचे भारतीय मानक, आयएस ८७५ चा दुसरा भाग, राहत्या खोल्यांसाठी प्रति चौरस मीटर २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो, आणि घरातील साठवणीच्या खोल्यांसाठी ३ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ३०० किलो भार धरायला सांगते. फुटांत बोलायचे तर साठवणीच्या माळ्याचा प्रत्येक चौरस फूट साधारण २८ किलो पेलण्यास समर्थ असावा. आता पुस्तकांचे पाहू. आम्ही तागडीवर तोलून पाहिले तेव्हा बांधलेल्या खंडांची एक फूट लांबीची ओळ सरासरी १२ किलोची भरली. तीन फूट रुंद, एक फूट खोल आणि पाच कप्प्यांचे साधे कपाट पूर्ण भरले तर त्यात १५ फूट ओळ बसते, म्हणजे १८० किलो. हे वजन जमिनीच्या केवळ तीन चौरस फुटांवर येते. एका चौरस फुटावर ६० किलो, म्हणजे मर्यादेच्या दुपटीहून जास्त! बाबांच्या मनात अशी चार कपाटे भिंतीला लागून उभी करायची होती.

तुळयांचा हिशेब त्याहून गंभीर निघाला. जुन्या तीन तुळया ४ इंच रुंद आणि ६ इंच उंच होत्या, त्यांचा गाळा, म्हणजे दोन भिंतींमधील आधाराविना लांबी, १० फूट, आणि दोन तुळयांमधील अंतर ४ फूट. नवे, निरोगी ऐनाचे लाकूड गृहीत धरले तरी साठवणीच्या पूर्ण भाराखाली तुळईतील ताण परवानगीच्या सीमेला टेकत होता आणि मध्यभागी तुळई सुमारे १५ मिलिमीटर वाकली असती. गाळ्याचा दोनशे चाळिसावा भाग ही वाकण्याची मान्य मर्यादा धरली तर ती सुमारे १२.७ मिलिमीटर येते. शिवाय या तुळया नव्या नव्हत्या, आणि त्यांतील एक तर टोकाला पोखरलेली होती. म्हणजे जुन्या रचनेवर चांगल्या, जाड, सलग फळ्या ठोकल्या असत्या तर माळा दिसायला भक्कम झाला असता, घरातील माणसे निर्धास्तपणे वर सामान चढवत गेली असती, आणि पायाखालच्या सुट्या फळ्यांमुळे आजवर पाळला गेलेला जपून वागण्याचा नियमही सुटला असता. मला या संपूर्ण प्रकरणातील खरा धोका येथे दिसतो. तक्तपोशीमुळे माळ्याची वजन पेलण्याची ताकद वाढत नाही, वाढतो तो फक्त आपला भरवसा.

उपाय तसा साधा होता. कुजलेली तुळई बदलली आणि प्रत्येक दोन तुळयांच्या मध्ये, तसेच दोन्ही टोकांना तुळई आणि भिंत यांच्यामध्ये, एकेक नवी तुळई घातली. पूर्वी तीन होत्या, आता सात झाल्या, त्यांतील पाच नव्या. अंतर ४ फुटांवरून २ फुटांवर आल्याने प्रत्येक तुळईवरचा भार निम्मा झाला, वाक साडेसात मिलिमीटरच्या आसपास आला आणि फळ्यांनाही चार फुटांऐवजी दोनच फूट अंतर पेलायचे राहिले. नव्या तुळयांसाठी भिंतीत घरे कोरताना टोकाखाली सिमेंट-काँक्रीटची सपाट गादी केली आणि टोकाच्या दोन्ही बाजूंना व वर बोटभर मोकळी जागा ठेवली. गवंड्याची सवय तुळईचे टोक चुन्या-सिमेंटने गच्च लिंपून टाकण्याची असते. ते दिसायला नीटनेटके दिसते, पण लाकडाला त्यात श्वास घेता येत नाही आणि भिंतीतील ओल थेट टोकाला चिकटते.

छपराचे वासे आणि माळ्याच्या तुळया ही दोन स्वतंत्र कामे आहेत हेही येथेच सांगितले पाहिजे. वासे कौलांचे आणि वाऱ्याचे ओझे वाहतात. त्यांना कपाटे टांगणे, आकडे मारून गाठोडी अडकवणे, या गोष्टी आम्ही पूर्णपणे वर्ज्य केल्या.

फळ्या आणि आमची चूक

प्लायवूड की फळ्या, यावर घरात बरीच चर्चा झाली. १९ मिलिमीटरचे मरीन प्लाय, म्हणजे आयएस ७१० च्या प्रतीचे, लवकर बसते आणि पावसाळ्यात फारसे हलत नाही. त्याची आठ बाय चार फुटांची पाने माळ्याच्या तोंडातून वर जाणार नव्हती, परंतु ती कापून नेता आली असती. आम्ही तरीही फळ्या निवडल्या. कोणतीही एक फळी उचलून खालच्या तुळईचे टोक दरवर्षी तपासता यावे, ही त्यामागची मुख्य अपेक्षा होती. जवळच्या लाकूडगिरणीतून एक इंच जाडीच्या आणि आठ इंच रुंदीच्या आकेशियाच्या फळ्या घेतल्या. माजघरात आणि देवघरात धूळ पडू नये म्हणून एका फळीच्या कडेला खाच आणि दुसरीच्या कडेला तीत बसणारी जीभ काढून घेतली. खिळ्यांऐवजी स्क्रू वापरले.

हे काम एप्रिलच्या अखेरीस आणि मे महिन्यात झाले. भिंतीपासून भिंतीपर्यंत पंधरा फळ्या लागल्या. शेवटची फळी घट्ट बसावी म्हणून तिची कड थोडी तासून ती ठोकून बसवली, आणि काम इतके सफाईदार दिसत होते की आम्ही सर्वांनी त्याचे कौतुक केले. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आईचा फोन आला की माळ्याचा मधला भाग उचलला गेला आहे आणि रात्री लाकूड कडकडते. मी गेलो तेव्हा मध्यावर फळ्या तुळईपासून जवळजवळ दोन इंच उचलल्या होत्या, काही स्क्रू लाकडातून उपटून आले होते आणि एका बाजूच्या भिंतीचा गिलावा फुटला होता.

कारण आम्हाला आधीच कळायला हवे होते. वैशाखाच्या उन्हात कौलांखाली पडलेले लाकूड वर्षातील सर्वांत कोरड्या अवस्थेत असते. पावसाळ्यात हवेतील ओलावा शोषून ते फुगते, आणि फुगते ते प्रामुख्याने रुंदीत, लांबीत जवळजवळ नाही. आठ इंचांची एक फळी साधारण चार मिलिमीटर वाढली तरी पंधरा फळ्यांचे मिळून ६० मिलिमीटर, म्हणजे सव्वादोन इंचांहून अधिक होतात. त्यांना दोन्ही बाजूंना भिंत होती. जायला जागा नसल्याने त्या वर गेल्या. दोष सुताराचा नव्हता. त्यांनी भिंतीलगत फट ठेवण्याचा विषय काढला होता, आणि फटीतून उंदीर येतील म्हणून आम्हीच ती नको म्हणालो होतो.

फळ्या लगेच मोकळ्या केल्या, पण दुरुस्ती पावसाळा संपेपर्यंत केली नाही. नोव्हेंबरमध्ये प्रत्येक फळीची एक कड रंधून घेतली, प्रत्येक सांध्यात जीभ खाचेत असली तरी तीन-चार मिलिमीटरची मोकळीक राहील असे पाहिले, आणि दोन्ही भिंतींलगत एकेक इंच फट ठेवली. प्रत्येक फळीला रुंदीच्या मध्यावर एकच स्क्रूची ओळ दिली, म्हणजे फळी मध्यावर धरलेली राहते आणि दोन्ही कडांना वाढते. भिंतीकडच्या फटीवर बारीक जाळीची पट्टी केवळ भिंतीला अडकवली, फळीला नाही.

हवा, उजेड आणि आगंतुक

तक्तपोशीनंतर माळा ही एक बंद खोली होते, हे आधी लक्षात येत नाही. पूर्वी फटींतून माजघरातील हवा वर जाऊन कौलांतून निघत असे. त्या फटी आता बुजल्या होत्या. उंदीर, उदमांजर आणि कौले सरकवणारी माकडे या तिघांच्या भीतीने बाबांना छपराच्या कडेखालची मोकळी जागा आणि त्रिकोणी भिंतींमधील झरोकेही बंद करायचे होते. तसे केले असते तर कागदाला बुरशी आल्यावाचून राहिली नसती. शेवटी सर्व जागा उघड्या ठेवून त्यांवर सहा मिलिमीटर छिद्रांची गॅल्व्हनाइज्ड जाळी बसवली. उदमांजराचा पूर्वीचा मार्ग आंब्याच्या फांदीवरून होता. ती फांदी छपरापासून मागे कापल्यावर त्याचे येणे थांबले. माकडांवर मात्र उपाय सापडलेला नाही, कौले वर्षातून दोनदा चाळून घ्यावी लागतातच.

उजेडासाठी उत्तरेकडील उतारावर काचेची चार कौले घातली. दक्षिणेकडे घातली असती तर अधिक प्रकाश मिळाला असता, पण ऊन थेट कागदावर येऊन तो पिवळा पडला असता. विजेची जुनी तार काढून नळीतून नवी वायरिंग केली, घराच्या मुख्य पेटीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, बसवला आणि वर फक्त एलईडी दिवे ठेवले. सुट्या शिडीऐवजी कठडा असलेला उभा लाकडी जिना केला, कारण दोन्ही हातांत सामान घेऊन शिडी चढणे सत्तरीतल्या माणसासाठी योग्य नव्हते.

मांडणी

माळ्याची उंची आढ्याखाली ७ फूट आणि माजघराच्या भिंतींपाशी ४ फूट आहे. उभे राहून करण्याचे काम मध्यावर आणि साठवण कडेला, ही विभागणी छपराच्या उतारानेच ठरवून दिली. तुळईच्या दृष्टीनेही ती बरोबर होती, कारण आधाराजवळ ठेवलेल्या वजनाने तुळई कमी वाकते. पाच कप्प्यांच्या कपाटांचा विचार सोडून दोन कप्प्यांचे, अडीच फूट उंचीचे घडवंचीवजा रॅक केले. त्यांत प्रति चौरस फूट २४ किलोच्या वर वजन जात नाही. ते भिंतीपासून सहा इंच पुढे आहेत, म्हणजे मागून हवा फिरते आणि वाळवीची मातीची नळी चढू लागली तर ती दिसते.

तांब्यापितळेची भांडी खालच्या कोठीत गेली. नारळ-सुपारीला वर जागा दिली नाही, कारण खाण्याची वस्तू आणि कागद एकत्र ठेवले की उंदीर एकासाठी येतात आणि दुसरा कुरतडतात. मखराचे सामान, गाद्या, पाट आणि हलक्या पेट्या एवढेच घरगुती सामान पूर्वेकडच्या भागात आहे.

बांधणीच्या टेबलावर जुजबंदीची, म्हणजे फर्मे दोऱ्याने शिवण्याची, चौकट, दाभण, सुया, दोरा आणि पुठ्ठे असतात. बिडाचा शिकंजा आणि कागद कापण्याचे यंत्र मात्र ओटीलगतच्या खोलीत जमिनीवर ठेवले आहे. बाबांना हे प्रथम रुचले नाही, कारण शिवलेला खंड दाबण्यासाठी खाली उतरावे लागते. पण जड शिकंजा तुळयांच्या गाळ्याच्या मध्यावर ठेवून त्याचा दांडा जोराने फिरवणे आणि त्या हादऱ्यांनी सांधे सैल होणे, हे मला मान्य नव्हते. खळही खालीच शिजते. तिच्यात कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालण्याची जुनी पद्धत बाबा पाळतात. मोरचूद विषारी असल्याने ते भांडे स्वयंपाकघरात जात नाही.

एप्रिल-मे महिन्यांत दुपारी अकरानंतर माळ्यावर बसवत नाही. कौलांखालच्या उष्णतेवर आम्ही पंख्यापलीकडे काही केलेले नाही, आणि बाबा त्या दिवसांत पहाटे सहा ते नऊ काम करतात. खाली माजघरात मात्र दुपारची झळ पूर्वीपेक्षा कमी लागते, हा न ठरवता मिळालेला लाभ आहे.

२०२४ चा पावसाळा ही दुरुस्त केलेल्या कामाची पहिली परीक्षा होती. माळ्यावर आणि माजघरात एकेक आर्द्रतामापक ठेवला होता. जुलैच्या संततधारेत माजघरात तो ८८ टक्क्यांपर्यंत गेला, माळ्यावर ८० च्या आसपास राहिला. भिंतीतून चढणारी ओल वरपर्यंत पोचत नाही हे त्याचे कारण असावे. तरीही ८० टक्के हे कागदासाठी अधिकच आहे, म्हणून दुर्मीळ अंक जूनच्या पहिल्या आठवड्यात ऊन देऊन झाकणाच्या डब्यांत बंद केले जातात आणि ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा उघडले जातात. फळ्या फुगल्या, सांधे मिटले, भिंतीलगतची फट एका इंचावरून अर्ध्या इंचाहून कमी झाली, पण एकही फळी उचलली गेली नाही. त्या फटीच्या मापाची नोंद बाबा दर महिन्याच्या पहिल्या तारखेला जिन्याशेजारच्या भिंतीवर पेन्सिलीने करतात. गणपतीत घरी गेलो तेव्हा नैर्ऋत्येच्या कोपऱ्यातील फळी आम्ही दोघांनी मिळून उचलली, नव्या तुळईच्या टोकात दाभण खुपसले, आणि ते रुतले नाही.